मंगळावरून न पडलेलं आणि आपल्याकडे पडलेलं

इंग्लंडातल्या वोकिंगच्या भर बाजारात सात मीटर उंच, तीन पायांचं चकचकीत यंत्र उभं आहे. इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने या गावी राहताना मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी लिहिली. १८९८ साली ती पुस्तकरूपात आली आणि शंभर वर्षांनी गावाने तिच्यातलं यंत्र चौकात उभं केलं. शेजारी जमिनीत रुतलेलं यान, पायाखालच्या फरशीत जंतूंचे आकार, कारण मंगळवाल्यांना शेवटी तोफा नाही, जंतूच मारतात. कादंबरीतलं पहिलं नळकांडं जिथे आदळतं, तो हॉर्सेल कॉमनचा वाळूचा खड्डाही इथलाच. आईबाप पोरांना तो दाखवायला नेतात. तिथे कधीच काही पडलेलं नाही! मला हे मनापासून आवडतं, आणि तितकाच रागही येतो.

कारण आमच्याकडे खरंच पडलं. माझं गाव लोणारच्या अंगाला. काळ्या बेसॉल्ट खडकात उल्केने पाडलेलं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर, आत खारं पाणी. आजी सांगायची, ते लवणासुराचं बीळ. विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारलं. त्याचं कोरीव देऊळ गावात आहेच. गुरुजी उल्केचं सांगायचे. मला दोन्ही गोष्टी हव्या असायच्या, आणि अजूनही हव्या आहेत. म्हणून मी राहतो त्या इंग्लंडातल्या दुकानांत विज्ञानकथा आणि फँटसी एकाच फळीवर दिसतात, विज्ञानकथांचा मानाचा ह्यूगो पुरस्कारही दोघींना मिळतो, याचं मला नवल वाटत नाही. असुराच्या गोष्टीत तो का आला हे विचारायचं नसतं, त्याच्यासमोर कोण उभं राहतं ते पाहायचं असतं. विज्ञानकथा विचारते, असं झालंच तर आपलं काय होईल? मंगळावर कोणी नाही हे आता शेंबडं पोरही जाणतं, तरी वेल्स वाचला जातो. युरोपीयांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचं काय केलं, याची आठवण तो पहिल्याच प्रकरणात देतो. ती जखम शिळी होत नाही.

मध्यंतरी एक सहकारी म्हणाला, "तुमच्याकडे पुराणं आहेत, विज्ञानकथा कुठे?" मी त्याला खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचं सांगितलं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी टोपणनावाने कथा पाठवली, म्हणजे मोठ्या नावाचा दबाव नको. एवढा मोठा शास्त्रज्ञ आपल्या भाषेत गोष्टी लिहायचा, हे ऐकून तो गप्प झाला.

गावी मात्र पुस्तक हातात दिसलं की, "काय राक्षसबिक्षस वाचून राहिला बे, अभ्यास कर." इथे आगगाडीत पन्नाशीचा माणूस ड्रॅगनची कादंबरी उघडून बसतो, कोणी विचारत नाही. मी इथे रमलो त्याचं हेही एक कारण आहे, गावाकडच्यांनी राग मानू नये.

२०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. एवढं आयतं बीज वेल्सलाही मिळालं नव्हतं. मेहकर, रिसोड, लोणारकडच्या कोणी यावर कादंबरी लिहायला घेतली असेल तर कळवा. छपाईचा खर्च मी उचलतो.