मोटारसायकलवरील रिकाम्या ब्रॅकेटचा शोध : माझा अनुभव

लांबच्या प्रवासासाठी सॅडल बॅग लावायची म्हणून मी माझ्या जुन्या, सेकंड-हँड घेतलेल्या १५० सीसी मोटारसायकलची मागची बाजू नीट धुऊन पाहिली, तेव्हा चेसीसला वेल्डिंग केलेले काही कान आणि पट्ट्या कशासाठीही वापरल्या जात नसल्याचे लक्षात आले. बॅगेचा स्टे, म्हणजे बॅग चाकापासून दूर धरून ठेवणारी चौकट, त्यांनाच बांधावा असा मोह सहज होतो. परंतु एखादी पट्टी किती भार सोसण्यासाठी बनवली आहे, हे ती मुळात कशासाठी होती हे कळल्याखेरीज ठरवता येत नाही. म्हणून आधी प्रत्येकीचा उगम शोधायचे ठरवले.

सर्वांत उपयोगी पडले ते डोळ्यांनी बारकाईने पाहणे. डाव्या बाजूला मागच्या चाकाजवळ दोन कान होते आणि त्यांच्या भोकांभोवती वॉशरच्या आकाराचे गोल वर्तुळ रंग उडून उघडे पडले होते, त्याच्या कडेला गंजाची बारीक रेघही होती. म्हणजे तेथे पूर्वी काहीतरी आवळून बसवलेले होते आणि नंतर ते कोणीतरी काढले होते. याउलट डाव्या साइड कव्हरच्या आतल्या पातळ पत्र्याच्या पट्टीवरचा रंग अखंड होता आणि तिच्या नटाच्या पहिल्या आट्यांतही कारखान्यातला रंग तसाच साचलेला होता. त्या आट्यांत बोल्ट कधी गेलाच नव्हता. पहिल्या प्रकारात हरवलेला भाग शोधायचा होता, दुसऱ्या प्रकारात या गाडीला कधीच न मिळालेला भाग.

डाव्या कानांचे उत्तर आमच्या गॅरेजमधल्या काकांनी एका दृष्टिक्षेपात दिले. “साडीगार्ड काढलाय हो कुणीतरी. गाडी स्पोर्टी दिसावी म्हणून पोरं पहिलं तेच काढतात.” आपल्याकडे वाहतूक डाव्या बाजूने चालते, त्यामुळे मागे एका बाजूला पाय सोडून बसणारी व्यक्ती पदपथाकडे, म्हणजे डावीकडे तोंड करून बसते आणि तिचा पदर किंवा ओढणी नेमकी त्याच बाजूच्या आऱ्यांपाशी आणि चेनपाशी लोंबते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ यासाठीच आहे. मागे बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला धरण्यासाठी कायमची मूठ, पाय ठेवण्यासाठी फुटरेस्ट आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षक साधन असले पाहिजे, असे तो सांगतो. पदर चाकात गेला की बसलेली बाई गाडीवरून खाली ओढली जाते. इतक्या गंभीर अपघातापासून वाचवणारी वस्तू केवळ दिसण्यासाठी काढून टाकणे मला अजिबात पटत नाही.

इंजिनापुढच्या नळीवरची भोके लेगगार्डची होती, त्यात शोधण्यासारखे काही नव्हते.

खरा वेळ गेला तो साइड कव्हरमागच्या पट्टीवर. त्यासाठी मी सुट्या भागांच्या कॅटलॉगचा आधार घेतला. त्यात गाडीचा प्रत्येक भाग सुटा करून काढलेला असतो आणि भाग क्रमांकावरून तो कोणत्या मॉडेलला लागतो ते कळते. माझी गाडी २०१६ सालची, भारत स्टेज ३ या वाहन-प्रदूषणाच्या सरकारी निकषांची. त्याच गाडीच्या नंतरच्या, भारत स्टेज ४ च्या आवृत्तीच्या चित्रात नेमक्या त्या जागी रबरी पट्ट्यात बसवलेला एक काळा डबा होता. तो कॅनिस्टर. टाकीतून उडणारी पेट्रोलची वाफ नळीने या डब्यातल्या कार्बनमध्ये शोषली जाते आणि इंजिन चालू झाले की त्याच्या ओढीने ती जळण्यासाठी आत जाते. भारत स्टेज ४ हे निकष १ एप्रिल २०१७ पासून सर्व नव्या दुचाकींना लागू झाले. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचे या वाफेबाबतचे नियम पूर्वीपासून कडक असल्याने तेथे विकल्या जाणाऱ्या मोटारसायकलींना असा डबा कितीतरी आधीपासून बसवला जातो आणि त्याची रिकामी जागा इतर राज्यांतल्या त्याच मॉडेलवर सापडते. कारण सरळ आहे : वेल्डिंगच्या साच्यातून एकच चेसीस काढून ती अनेक आवृत्त्यांना वापरणे कारखान्याला स्वस्त पडते. खात्री म्हणून गॅरेजमध्ये आलेल्या एका नव्या गाडीचे कव्हर काकांनी उघडून दाखवले. डबा त्याच पट्टीवर होता.

यावरून माझा निर्णय झाला. कॅनिस्टरची पट्टी हलक्या डब्यासाठी आहे आणि तिचा बोल्ट ६ मिलिमीटरचा, दहा नंबरच्या पान्याचा. खड्ड्यांत आदळणाऱ्या बॅगेचे वजन तिच्यावर टाकणे चुकीचे ठरले असते. साडीगार्डच्या कानांत बारा नंबरचा पाना लागणारे ८ मिलिमीटरचे बोल्ट बसतात, तरी तेही गार्डापुरतेच मजबूत आहेत. म्हणून बॅगेचा स्टे मी मागच्या मुठीच्या आणि फुटरेस्टच्या बोल्टांवर घेतला, कारण त्या जागा मुळातच माणसाचा भार गृहीत धरून केलेल्या असतात. पुण्याच्या नाना पेठेतून साडीगार्ड आणून तो त्याच्या जागी बसवला आणि बॅग त्याच्या बाहेरून येईल इतका स्टे रुंद ठेवला. कॅनिस्टरच्या नटात थोडे ग्रीस भरून एक आखूड बोल्ट हलका आवळला आहे, म्हणजे पावसाळ्यात आटे गंजणार नाहीत.