रंग दोन्ही बाजूंनी आलाय ना?

मी पुण्यात जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करते आणि संध्याकाळी आठवी ते दहावीच्या सात मुलांची विज्ञान-गणिताची शिकवणी घेते. त्यांतली नववीची एक मुलगी गणिताच्या वेळी कायम मागे भिंतीला टेकून बसायची. ‘पृष्ठफळ व घनफळ’च्या चाचणीत तिला वीसपैकी दोन मिळाले होते. सूत्रं पाठ होती, पण कुठलं कुठे लावायचं ते कळायचं नाही. हिला पार खालपासून शिकवायला हवं, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

त्या आठवड्यात आठवीच्या मुलांना पेशी इतकी लहान का असते ते दाखवायचं होतं. बहुतेक पेशी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असतात. मी बटाट्याचे १, २ आणि ३ सेंटिमीटरचे घन कापायला घेतले, पण एकही नीट चौकोनी येईना. तिनं गुपचूप माझ्या हातातली सुरी घेतली. तिच्या आईची वडापावची गाडी आहे. रोजचे बटाटे हीच सोलते, चिरते. पट्टी धरून तिनं तिन्ही घन असे कापले की कडेवरून बोट फिरवावंसं वाटलं. ते रात्रभर आयोडिनच्या द्रावणात ठेवले. स्टार्चला आयोडिन लागलं की निळं-काळं होतं, त्यामुळे ते कुठवर शिरलं ते दिसतं.

दुसऱ्या दिवशी घन मधोमध चिरले. तिन्हींना काळी किनार सारखीच, दोन मिलिमीटरची. लहान घनाच्या आत पांढरा ठिपका उरला होता, मोठ्याचं पोट मात्र पांढरंफटक. पेशीला ऑक्सिजन बाहेरून असाच झिरपत मिळतो, हे सांगून मी फळ्यावर हिशोब मांडला. बाजू १ सेंटिमीटर, त्यातून ०.२ गेले, उरले ०.८. त्याचं घनफळ ०.५१२, म्हणजे निम्मा घन कोरा.

“ताई, रंग दोन्ही बाजूंनी आलाय ना? मग दोनदा वजा करायला पाहिजे.”

मागून आवाज आला. तिच्या हातात चिरलेला तुकडा होता. बरोबर होतं तिचं. उरतात ०.६, घनफळ ०.२१६, कोरा भाग जेमतेम २२ टक्के. मी खडू तिच्या हातात दिला. दोनच्या घनात ८ पैकी ४.०९६ कोरं, तीनच्या घनात २७ पैकी १७.५७६, म्हणजे ६५ टक्के. दशांशचिन्ह एकदा चुकलं, तिनंच पुसलं. मग पृष्ठफळं ६, २४, ५४ आणि घनफळं १, ८, २७ शेजारी लिहून ती थांबली.

“मोठ्याचं पोट वाढलं, पण कातडी तेवढी नाही वाढली. म्हणून आई फोडी लहान करायला सांगते, लवकर शिजतात.”

पृष्ठफळ आणि घनफळातला फरक मी चार महिने सूत्रांनी सांगत होते. तिच्या हातांना तो आधीपासून माहीत होता आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. हे मला फार लागलं.

तेवढ्यात आठवीतल्या एकानं विचारलं, हत्तीच्या पेशी मोठ्या असतात का? मी उत्तर देण्याआधी ती फळ्याजवळूनच म्हणाली, “जास्त असतील. मोठ्या असून कसं चालेल?”