बुटका घेवडा: बी भिजवू नका, शेंग जून होऊ देऊ नका

घरच्या बागेत वेलाच्या घेवड्यापेक्षा बुटका घेवडा, म्हणजे झुडपी फरसबी, लावणं सोपं. मांडव लागत नाही, झाड दीड-दोन फुटांवर थांबतं. ‘कंटेंडर’ आणि ‘अर्का कोमल’ हे दोन्ही वाण झुडपीच आहेत.

पश्चिम महाराष्ट्रात ऑक्टोबर-नोव्हेंबरची पेरणी सर्वांत बिनघोर. या पिकाला १५ ते २५ अंश तापमान मानवतं. पारा तिशीच्या वर राहिला की फुलं गळतात. मग लोक खत वाढवतात, आणि नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो.

बी रात्रभर भिजवायची सवय इथे नडते. फुगलेलं बी तडकतं, ओल्या मातीत कुजतं. त्यापेक्षा आदल्या दिवशी वाफा भिजवा, वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, कोरडं बी ३ सेंमी खोल टोका आणि उगवेपर्यंत पाणी बेतानंच द्या. दोन ओळींत ३० सेंमी, दोन रोपांत १५ सेंमी. १२ इंची कुंडीत तीनच रोपं. रोप उपटून दुसरीकडे लावू नये, मुळं दुखावतात.

पाणी सकाळी, बुंध्याशी. पानं ओली राहिली की तांबेरा, म्हणजे तांबूस ठिपक्यांचा बुरशीरोग, येतो. शेंड्यावर मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसताच ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण १ लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा. मावा मोझॅक हा पानांवर चट्टे पाडणारा विषाणूजन्य रोगही पसरवतो.

साधारण ४५-५० दिवसांनी तोडा सुरू होतो. दाणे उठून दिसायच्या आत, दर दोन-तीन दिवसांनी शेंगा तोडा. झाडावर शेंगा जून झाल्या की नवी फुलं धरत नाहीत.