साचेखात्यातले हात

इंदूर, शनिवार, रात्री साडेदहा

आज आमच्या भाषणाचा सराव करणाऱ्या मंडळाच्या सभेत मूल्यमापनाचे काम माझ्याकडे होते, आणि ज्यांच्या भाषणाचे मूल्यमापन करायचे होते ते काका माझ्या वडिलांहून चार वर्षांनी मोठे आहेत. दुपारपासून मनावर त्याचेच दडपण होते. रामबागेतल्या सभागृहात पावसामुळे फारसे कोणी येणार नाही असे वाटले होते, तरीही 22 जण जमले. गणपती आठ-दहा दिवसांवर आल्यामुळे चहाच्या वेळी सगळीकडे मूर्ती आणि वर्गणी हाच विषय होता.

आमच्या सभेची रीत टोस्टमास्टर्सची आहे. राल्फ स्मेडली यांनी 1924 मध्ये कॅलिफोर्नियातील सांता अ‍ॅना येथे वायएमसीएच्या इमारतीत सुरू केलेल्या त्या उपक्रमात शिकवणारा गुरू नसतो. आज बोलणारा उद्या दुसऱ्याचे ऐकतो आणि काय ऐकले ते त्याला उभे राहून सांगतो. मला यातला हा भागच सर्वांत मोलाचा वाटतो. इंदूरच्या मराठी माणसाला भाषणे ऐकण्याची सवय काही नवी नाही. 1917, 1935 आणि 2001 अशी तीन मराठी साहित्य संमेलने या गावाने भरवली, आणि व्याख्यानमालांना गर्दी करणारी माणसे माझ्या आजोळीही होती. पण व्याख्यान संपले की टाळ्या वाजवायच्या, वक्त्यांना हार घालायचा आणि परतताना रस्त्यात आपसांत त्यांच्या चुका काढायच्या, अशीच आपली पद्धत राहिली. ज्याला त्या चुका कळायला हव्यात त्याच्यापर्यंत त्या पोहोचत नाहीत.

काकांचे हे पहिलेच भाषण होते, ज्याला आम्ही आइसब्रेकर म्हणतो. त्यात स्वतःची ओळख करून द्यायची असते. वेळ कळावी म्हणून चौथ्या मिनिटाला हिरवे कार्ड दाखवतात, पाचव्याला पिवळे, सहाव्याला लाल, आणि त्यानंतर फक्त 30 सेकंदांची सवलत. काकांनी येथील एका कापड मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे साच्यांवर (यंत्रमागांवर) कापड विणण्याच्या विभागात, नोकरी केली होती, आणि बोलण्यासाठी त्यांनी विषय निवडला अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचा. मिल मजुरांनी रात्र रात्र जागून बनवलेले दिव्यांचे चित्ररथ, त्यांतल्या हलणाऱ्या मूर्ती, पुढे मिल बंद पडल्यावरही मजुरांनी टिकवून ठेवलेली ती मिरवणूक. हे सगळे त्यांनी मन लावून सांगितले.

मी मात्र कागदावर भराभर दोष लिहीत होते. आवाज फार चढा, पहिल्या रांगेतल्या बाईंनी खुर्ची मागे घेतली. प्रत्येक शब्द ओठ ताणून उच्चारलेला. हात क्षणभरही स्थिर नाहीत, कधी डोक्याच्या वर, कधी दोन बोटे हवेत. तिसऱ्या मिनिटाला मी ‘हातवारे आवरावेत’ असे लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या, आणि मूल्यमापनाचे पहिले वाक्यही मनात तयार करून ठेवले.

लाल कार्ड दिसल्यावर काकांनी घाईघाईने शेवट केला. ते म्हणाले, “आमच्या खात्यात शेकडो साचे एकदम चालायचे, धोट्यांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही हातांनी आणि ओठांनी बोलायचो. आज इथे इतक्या शांततेत बोलायला मिळालं, मोठं बरं वाटलं.” एवढे बोलून ते नमस्कार करून बसले.

त्यानंतर आयत्या वेळच्या विषयांवरची भाषणे झाली. ती मी नीट ऐकली नाहीत हे येथे प्रामाणिकपणे नोंदवते. त्या वीस मिनिटांत मी कागद उलटवून पुन्हा लिहायला बसले. ज्याला मी दोष समजले होते ती एका कामाची भाषा होती. जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, बोलावण्यासाठी हात डोक्यावर नेणाऱ्या आणि धागा तुटल्याचे बोटांनी सांगणाऱ्या माणसाचे हात व्यासपीठावर आल्याबरोबर शरीराला चिकटून कसे राहतील? पण तेवढ्यावरून त्यांचे नुसते कौतुक करून बसणेही मला पटेना. ते वयाने मोठे आहेत म्हणून खरे न सांगणे हा त्यांचा मान ठेवणे नव्हे.

माझ्या वाट्याच्या तीन मिनिटांपैकी 2 मिनिटे 40 सेकंद मी बोलले. काकांना म्हटले की या खोलीला तुमच्या निम्म्या आवाजाचीही गरज नाही, तो खाली आणा. हात मात्र बांधू नका. आणि तुमच्या भाषणातली खरी उणीव आवाजाची नाहीच. झांक्यांची नावे मोजण्यात तुम्ही तीन मिनिटे घालवली, आणि जे तुमच्याखेरीज येथे दुसरे कोणीही सांगू शकत नाही ते लाल कार्डानंतर दोन वाक्यांत उरकले. बोलताना माझा घसा कोरडा पडला होता. काका मान खाली घालून लहानशा डायरीत लिहीत होते, त्यामुळे त्यांना काय वाटते आहे ते मला दिसत नव्हते.

सभा संपल्यावर मंडळातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मला सांगितले की व्यासपीठाची शिस्त सर्वांना सारखी हवी आणि हातांना मी मोकळीक द्यायला नको होती. त्यांचा अनुभव मोठा आहे, तरी हे मला मान्य झाले नाही, आणि तसे मी त्यांना नम्रपणे सांगितलेही.

काका छत्री उघडत दारापाशी थांबले होते. त्यांनी विचारले, “बेटा, मग पुढचं भाषण कुठून सुरू करू?” मी म्हटले, “काका, पहिलं अर्धं मिनिट काहीच बोलू नका. साचेखात्यात उभे आहात असं समजून आम्हाला हातांनी काहीतरी सांगा, आणि मग ते काय होतं ते शब्दांत सांगा.” ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग छत्री काखेत धरून त्यांनी उजवा हात डोक्यावर नेला, दोनदा फिरवला आणि बोटांनी काहीतरी झरझर केले. मी अर्थ विचारला, तर म्हणाले की तो पुढच्या महिन्यात सांगेन. घरी आल्यावर सर्वांत आधी मी पुढच्या सभेच्या यादीत दुसऱ्या भाषणासमोर त्यांचे नाव लिहिले.