आगळ, कुलूप आणि समोरच्या काकू

दाराचं कुलूप बदलायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न ठरलेला : सुतार कधी येतोय? सुतार ‘उद्या येतो की’ म्हणतो आणि त्याचा उद्या गणपती झाल्यावर उजाडतो. खरं म्हणजे हल्लीच्या मुठीच्या कुलपाला सुतार लागतच नाही. दार कोरणं, चौकट तासणं हे पहिल्यांदा बसवतानाचं काम. नंतर बदलायचा तो फक्त आतला पितळी सिलिंडर. दाराच्या जाडीत जी पट्टी दिसते, तिच्यावर एक लांब स्क्रू असतो. तो सोडवायचा, किल्ली घालून जराशी तिरकी करायची. सिलिंडरच्या पोटाखालची जीभ आत सरकते आणि अख्खा सिलिंडर हातात येतो. किल्ली सरळ ठेवून ओढत बसलात तर दुपार तिथंच जाईल.

माप मात्र हवं. स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून आतल्या टोकापर्यंत एक आणि बाहेरच्या टोकापर्यंत एक, अशी दोन मापं. ती सारखी असतीलच असं नाही, आमच्या दाराची तर नव्हतीच. त्यामुळं जुना सिलिंडरच रुमालात बांधून इथं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात नेला. दुकानदारानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग सिलिंडरकडं. “मिस्त्री कुठाय, वहिनी?”

“मीच मिस्त्री.”

“मग बेस्ट!” म्हणाला, आणि भावात एक रुपया सोडला नाही.

मी येईपर्यंत दाराला आरपार भोक. सासूबाई मेथी निवडायला मुद्दाम उंबऱ्यातच बसल्या होत्या. त्या ज्या वाड्यात वाढल्या तिथं दाराला कुलूप नव्हतंच. कडी-कोयंडा, आणि रात्री भिंतीतून ओढायची सागवानी आगळ. “चोराचा बाप आला तरी उघडायची नाही,” असं त्या अजून सांगतात. खरं असेल. पण आगळ लावायला आत कुणीतरी असावं लागतं. वाड्यात कायम कुणीतरी असायचंच : एखादी आत्या, बाळंतीण, परीक्षेला आलेला भाचा. कुलूप लागतं ते घर रिकामं पडायला लागलं की. आम्ही दोघं नोकरीवर, मुलगी पुण्यात, सासूबाई महिन्यातले थोडे दिवस नणंदेकडं. आमच्या दाराला आगळ असती तरी ओढणार कोण?

सिलिंडर बघायला समोरचे काका आले. त्यांचं आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेलं, त्यामुळं पितळेची वस्तू दिसली की त्यांचा हात थांबत नाही. किल्ली आत-बाहेर करत त्यांनी सासूबाईंनाच सगळं समजावलं : आत बारीक खिळ्यांची रांग, प्रत्येक खिळा दोन तुकड्यांचा, वर स्प्रिंग. किल्लीचे दाते प्रत्येक खिळा हवा तेवढाच उचलतात, सगळे जोड एका रेषेत आले की गाभा फिरतो. एक खिळा केसभर कमी-जास्त झाला तरी अडतं. हे आजचं रूप अमेरिकेतल्या लायनस येलनं १८६० च्या दशकात पेटंट केलं. लाकडी खिळ्यांची कुलपं इजिप्तमध्ये त्याच्या हजारो वर्षं आधी होती. आपल्याकडं अर्देशीर गोदरेजांनी मुंबईत कुलपांचा कारखाना काढला तो १८९७ साली. काकांना यातलं साल एकही नको होतं. “फिटिंग बरं हाय,” एवढाच त्यांचा निकाल.

बसवताना खरा त्रास देतो तो पाऊस. जुलैत आमचं दार फुगतं, कुलपाची जीभ चौकटीतल्या पट्टीच्या भोकात जात नाही आणि शिव्या मात्र कुलपाला बसतात. पट्टीच्या भोकाला कानशीनं दोन हात मारले की भागतं. पट्टीचे स्क्रू सैल झाले असतील तर भोकात फेविकॉल लावून काड्यापेटीतल्या काड्या ठोकायच्या. आणि किल्लीच्या भोकात खोबरेल तेल सोडायची आपल्याकडची रीत कृपा करून बंद करा; त्याला धूळ चिकटून आत चिखल होतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते.

काम झालं आणि नव्या किल्ल्या टेबलावर आल्या. मग वाटप. हे माझं, हे ह्यांचं, हे मुलीचं, आणि काकूंचं? ह्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलेलं, घराबाहेर किल्ली ठेवूच नये, त्यापेक्षा दारावर कॅमेरा बसवावा. ज्यांनी हे सांगितलं ते फ्लॅटमध्ये राहतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा आम्ही परगावी होतो, आणि काकूंनी आमचं दार उघडून गाद्या माळ्यावर टाकल्या होत्या. कॅमेऱ्याला हे जमलं असतं का?

किल्ली द्यायला गेले तर काकूंनी फडताळातून जुडगा काढला. निम्म्या गल्लीच्या किल्ल्या, एकीवरही चिठ्ठी नाही.

“काकू, आमची कुठली ते कळंल न्हवं?”

“कळंल की,” म्हणत त्यांनी आमची जुनी किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. “तुझ्या नणंदेची पण बदलाय सांग. तिची लई अडकतीया.”

नणंद राजारामपुरीत राहते. तिची किल्ली इथं कशी आली, हे मी अजून विचारलेलं नाही.