महिंद्रा युनायटेडची वही : २००३ ते २०१०

महिंद्रा युनायटेड या मुंबईच्या फुटबॉल संघाची वर्तमानपत्रातील कात्रणे मी एका वहीत चिकटवतो. मागच्या नोंदीत ही वही २००३ च्या फेडरेशन चषकापाशी थांबली होती. यंदाच्या पावसाळ्यात ती २०१० पर्यंत, म्हणजे हा संघच बंद झाला त्या वर्षापर्यंत, येऊन पोहोचली आहे. मधली सात-आठ पाने अजून कोरी आहेत आणि पहिल्या भागातील चार पाने मला नव्याने करावी लागली, त्यामुळे ही वाटचाल सांगायला वाटते तितकी सरळ झालेली नाही.

सगळ्यांत जास्त वेळ नावाने खाल्ला. हा संघ १९६२ मध्ये मुंबईत महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीचा संघ म्हणून उभा राहिला आणि २००० मध्ये त्याचे नाव महिंद्रा युनायटेड झाले. मी मात्र वही सुरू करतानाच प्रत्येक पानाच्या माथ्यावर सरसकट नवे नाव घातले होते आणि त्याखाली १९९८ चा ड्युरँड चषक हा फुटबॉलचा विजयही मांडून मोकळा झालो होतो. आमच्या कोल्हापुरात पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाला कोणी ‘पीटीएम’ म्हणो, कोणी ‘पाटाकडील’ म्हणो, शाहू स्टेडियममध्ये बसलेल्याला संघ बरोबर कळतो. परंतु नोंदवहीत अशी सैल वागणूक चालत नाही, कारण पुढे दुसरा कोणी ती वाचून १९९८ ची कात्रणे नव्या नावाने शोधत बसेल आणि त्याच्या हाती काहीही लागणार नाही. म्हणून २००० पूर्वीच्या पानांवर कोरी पट्टी चिकटवून जुने नाव लिहिले आहे. २००१ चा ड्युरँड हा नव्या नावाने जिंकलेला, तो होता तेथेच राहिला.

तारखांचे काम त्याहून किचकट होते. लक्ष्मीपुरीतील रद्दीतून मिळालेल्या एका कात्रणात महिंद्राचे खेळाडू सराव करताना दिसतात, पण कापणाऱ्याने चौकट इतकी नेटकी कापली आहे की दिनांकाचा मागमूस उरलेला नाही. दोन रात्री मी खेळाडूंचे चेहरे ओळखण्यात घालवल्या. शेवटी कात्रण उलटे केले, तर मागे गुळाच्या सौद्यांची अर्धी बातमी निघाली. पाडव्याच्या मुहूर्तावर निघालेले भाव, गुळाच्या रव्यांची म्हणजे ढेपांची आवक, आणि तुटलेल्या ओळीत ‘नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात’ एवढे शब्द. २००४ मध्ये दिवाळीचा पाडवा नोव्हेंबरच्या मध्याला होता आणि २००५ मध्ये तो महिन्याच्या अगदी सुरुवातीला आला होता, तेव्हा हे कात्रण २००५ चे ठरले. मुंबईच्या संघाची तारीख कोल्हापूरच्या गुळाने लावून दिली, याचे मला अजूनही कौतुक वाटते. आता कोणतेही कात्रण चिकटवण्यापूर्वी मी त्याच्या मागच्या बाजूची छायाप्रत काढून ठेवतो.

२००५-०६ च्या हंगामाला मी एकट्याला सहा पाने दिली आहेत आणि त्याबद्दल मला जराही संकोच वाटत नाही. १९९६ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय फुटबॉल लीग तोपर्यंत पंजाब, बंगाल आणि गोव्याच्या संघांनीच वाटून घेतली होती. डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली महिंद्राने ती जिंकली आणि २००७ मध्ये तिच्या जागी आय-लीग येऊन ती स्पर्धा संपेपर्यंत महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही संघाला ते जमले नाही. २००५ चा फेडरेशन चषकही याच संघाचा. ब्राझीलचा होजे रामिरेझ बॅरेटो या पानांवर आहे; घानाचा युसुफ याकुबू काही हंगाम येथे खेळला, त्याच्यासाठी वेगळे पान राखले आहे. कारकिर्दीच्या सुरुवातीला याच संघाकडून खेळलेले खालिद जमील पुढे प्रशिक्षक झाले, त्यांनी २०१७ मध्ये ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली आणि २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. ही भर मी समासात पेन्सिलीने घातली आहे.

आता चिकटवण्याविषयी. पहिली चार पाने बाटलीतल्या डिंकाने केली होती, ती पापडासारखी आकसली. सध्या मैद्याची पातळ खळ शिजवतो आणि कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालतो. ते विषारी असल्याने त्याचे पातेले स्वयंपाकघरात येऊ देत नाही. वर्तमानपत्राचा कागद ओला झाला की पसरतो, त्यामुळे खळ लावल्यावर मिनिटभर थांबून मगच कात्रण पानावर ठेवावे आणि मधून कडेकडे बोटाने दाबत जावे. नंतर वही दोन पाटांमध्ये ठेवून वर पाण्याची भरलेली कळशी ठेवतो. पंचगंगेला पाणी चढते त्या दिवसांत एक पान वाळायला तीन दिवस लागतात, तेव्हा घाई करण्यात अर्थ नाही.

२००८ चे पान भरगच्च झाले, कारण त्या एका वर्षात आयएफए शील्ड आणि ड्युरँड हे दोन्ही चषक आले. त्यानंतर दोनच वर्षांत, २००९-१० च्या हंगामानंतर, कंपनीने संघ बंद केला आणि लक्ष शालेय फुटबॉलकडे वळवले. या पानावर काय लिहावे हे मला बरेच दिवस सुचले नाही. येथे कोल्हापुरात संघ तालमीचा असतो आणि तालीम पेठेची असते. हंगाम वाईट गेला तर पेठ शिव्या घालते, वर्गणी काढते, पण संघ बंद करण्याचा ठराव कोणी मांडल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. कंपनीच्या संघाचे तसे नसते. मी त्या पानावर फक्त बातमीचे कात्रण लावले आहे, शेरा लिहिलेला नाही.

कोरी राहिलेली पाने मुख्यतः २००७ ची आहेत. त्या वर्षी संघ एएफसी चषक या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत गेला होता आणि माझ्याकडे त्याची बोटभर उंचीची एकच बातमी आहे. कोणाजवळ त्या सामन्यांचे कात्रण किंवा मुंबईच्या कूपरेज मैदानाचे तिकीट असेल तर मूळ प्रत मी मागत नाही, छायाप्रत पुरे. मात्र ती दोन्ही बाजूंची असावी.