चकवा, देवचार आणि तात्यांचा उलटा शर्ट

चकवा माहीत नाही असा माणूस आमच्या सिंधुदुर्गात शोधून सापडायचा नाही. रात्रीची वेळ, रोजची पायाखालची वाट, माणूस चालतोय चालतोय आणि घर काही येत नाही. फिरून फिरून तीच जागा. माझा धंदा जमीन मोजणीचा, त्यामुळे भुताखेतांच्या बाकीच्या गोष्टी मी ऐकून सोडून देतो, पण ही सोडवत नाही. ओळखीच्या जमिनीवर माणसाची दिशा चुकते कशी, हा माझ्या पोटापाण्याचाच प्रश्न आहे.

आमच्या तात्यांना, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांना, चकवा लागला तो श्रावणात, शेजारच्या वाडीतलं भजन आटपून येताना. मध्ये सडा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. सपाट, झाड क्वचित, पावसाळ्यात गवत माजलेलं आणि कातळातल्या खळग्यांत पाणी साचलेलं. आभाळ गच्च भरलेलं, बॅटरी भिजून बंद पडलेली. तात्या सांगतात, "तीन खेपा त्याच आयनाकडे इलंय." मग ते त्या आयनाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडाखालीच बसले, चकवा सुटावा म्हणून शर्ट काढून उलटा घातला, दमट काडेपेटीशी झटापट करून एक विडी पेटवली आणि उजाडायची वाट बघत राहिले. उजाडलं तेव्हा घराकडे उतरणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, हाकेच्या अंतरावर होती.

वर आणखी एक गोष्ट. चालताना मागून काठी आपटल्याचा आवाज येत होता. तात्या थांबले की आवाज थांबायचा, चालू लागले की पुन्हा सुरू. त्याची त्यांना भीती वाटली नाही. "देवचार होतो तो. माका सोबत करी होतो." देवचार म्हणजे गावाचा राखणदार, तो रात्री हद्दीत फिरतो असं आमच्याकडे मानतात. आरवलीच्या वेतोबाला भल्यामोठ्या वहाणा वाहतात त्या याच समजुतीने, की फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात.

शाळेत आमचे विज्ञानाचे सर म्हणायचे, चकवा वगैरे काही नाही, माणसाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो, म्हणून तो अंधारात एका बाजूला वळत जातो. वर्ग खूश. उत्तर ऐकायला इतकं चोख की ते कुणी मोजून पाहिलंय का, असं कुणी विचारलंच नाही.

मोजलं ते २००९ साली. जर्मनीत ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान साउमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसांना जीपीएस लावून मोठ्या सपाट जंगलात सोडलं आणि सांगितलं, सरळ चाला. तिथे सहाजण चालले. ज्या चौघांच्या वाट्याला ढगाळ दिवस आला ते सगळे गोल फिरले, त्यातले तिघं आपल्याच वाटेला पुन्हा येऊन मिळाले आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. ज्या दोघांना ऊन मिळालं ते जवळजवळ सरळ गेले. ट्युनिशियात सहाराच्या वाळवंटात एकजण रात्री चालला. चंद्र होता तोवर ठीक, चंद्र ढगाआड गेला आणि गडी वळत वळत आल्या दिशेला तोंड करून चालू लागला. डोळे बांधून चालवलेल्यांची वर्तुळं तर कधीकधी वीस मीटर व्यासाइतकी लहान. म्हणजे आमच्या खळ्यापेक्षा थोडी मोठी!

आणि सरांचा पाय? बहुतेक माणसं एकदा डावीकडे वळली, एकदा उजवीकडे. पाय लहानमोठा असता तर नेहमी एकाच बाजूला वळली असती. ते उत्तर तिथे निकालात निघालं. देवचाराला हसणारा आमचा अख्खा वर्ग ते विज्ञान समजून घरी घेऊन गेला होता. न तपासलेलं उत्तर पँटशर्ट घालून आलं म्हणून विज्ञान होत नाही. याचा मला आजही चकव्यापेक्षा जास्त राग येतो.

खरं कारण मला तरी लगेच पटलं, कारण ते आमच्या कामातलं आहे. एका खुणेवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असं मोजत पुढे गेलं की प्रत्येक टप्प्याला बारीकशी चूक होते आणि ती पुढच्या टप्प्यात मिसळते. म्हणून आम्ही मध्ये मध्ये पक्की खूण गाठतो, एखादा हद्दीचा दगड, देवळाचा कळस, आणि चूक तिथल्या तिथे काढून टाकतो. शरीराचंही तेच. कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय, स्नायू, सांधे मिळून सांगतात की समोर म्हणजे कुठे. त्यात दर पावलाला किंचित गडबड होते. एरवी डोळे लांबचा डोंगर किंवा चंद्र बघून ती दुरुस्त करतात. ढगाळ रात्री सड्यावर दुरुस्त करायला काही नसतं, आणि "सरळ"च हळूहळू सरकत जातं. तात्या नेमके त्या आयनाकडेच का आले, तर माझ्या मते तिथे ओळखू येईल असं तेवढं एकच झाड होतं. बाकी कातळ किती वेळा ओलांडला ते कोण मोजणार?

काठीच्या आवाजाचं इतकं सोपं नाही. १९१६ च्या मे महिन्यात अंटार्क्टिकाचा शोधप्रवासी अर्नेस्ट शॅकल्टन दोन साथीदारांबरोबर दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटाचे बर्फाळ डोंगर ३६ तासांत ओलांडून गेला. नंतर त्याने लिहिलं की आपण तिघं नसून चौघं आहोत असं सारखं वाटत होतं, आणि साथीदारांनाही तेच वाटलं होतं. २००६ साली मेंदूशास्त्रज्ञ ओलाफ ब्लांके यांच्या गटाने फेफऱ्याच्या एका रुग्ण बाईच्या मेंदूत, डाव्या कानाच्या वरच्या अंगाला विजेचा सौम्य झटका दिला, तेव्हा तिला आपल्या मागे कुणीतरी आहे असं जाणवलं. ती बसली की तोही बसायचा! म्हणजे आपल्याच शरीराची जाणीव मेंदूने बाहेर, दुसऱ्याच्या नावावर टाकलेली. पुढे २०१४ मध्ये त्यांनी धडधाकट माणसांवर यंत्राने हेच करून दाखवलं. डोळे बांधलेला माणूस पुढे हात हलवतो, यंत्र तीच हालचाल क्षणभर उशिराने त्याच्या पाठीवर करतं, आणि काहींना मागे कुणी उभं असल्याचा भास होतो.

थांबलो की थांबायचा, चाललो की चालायचा. तात्यांनी हे वर्षानुवर्षं एकाच शब्दांत सांगितलंय, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. कारण त्यांनी काय ठरवलं ते बाजूला ठेवलं तर काय घडलं ते त्यांनी तंतोतंत टिपलंय. तरी तात्यांच्या डोक्यात त्या रात्री हेच झालं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ओल्या चपलेचा आवाजही असू शकतो. कुणी मोजलेलं नाही.

हे सगळं मी तात्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मगे ते जर्मन घराक कसे गेले?" म्हटलं, जीपीएस होतं. "मगे तोच तेंचो देवचार," म्हणाले आणि सुपारी कातरू लागले.

उलट्या शर्टाचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. शर्ट काढून घालायला थांबावं लागतं, आणि थांबणं हाच वाट चुकल्यावरचा शहाणपणाचा उपाय, असा एक अंदाज मी बांधलाय. पण तोही त्या मोठ्या पायासारखाच, ऐकायला चोख.

मे महिन्यात पुतण्यांना घेऊन सड्यावर गेलो होतो. डोळ्यांवर टॉवेल बांधला, खिशात वाट नोंदवणारं ॲप चालू केलेला मोबाइल, आणि चला सरळ. थोरला आधी डावीकडे वळला, दुसऱ्या खेपेला उजवीकडे. आपण नाकासमोर चाललो असं तो दोन्ही वेळा शपथेवर सांगत होता. नकाशावरची ती नागमोडी रेघ बघून त्याने पहिला आरोप मोबाइलवर केला. तुम्हीही करून बघा, फक्त विहीर, चिऱ्याची खाण आणि गुरं नसलेली जागा निवडा, आणि एकाने डोळे उघडे ठेवून बरोबर चालायचं.